वडशाचा शार्क

मामाचा फोन आला तेव्हा मी कोचीच्या मासळी बंदरावर एका मेलेल्या शार्कच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. फोन खिशात थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. समोरच्यानं उचलेपर्यंत मामा काही हार मानत नाही. शेवटी शेजारी बांगडे विकायला बसलेल्या बाईनंच माझ्या खिशातून फोन काढून माझ्या कानाला धरला.

"पोरी, शार्क किती लांब असते व?"

"कुठला शार्क, मामा?"

"कुठला म्हंजे? शार्क म्हंजे शार्क. मले एक बनवाचा आहे."

"कशाला?"

"नाटकासाठी. तू सुट्टीत येऊन राह्यली न? मंग सीधी वडशाले उतर. तुझ्या आईले मी सांगतो."

फोन बंद. बांगडेवालीनं खुणेनंच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे, मामाला शार्क पाहिजे. तिनं माझ्यासमोरच्या मेलेल्या शार्ककडे बोट दाखवलं आणि इतकी हसली की तिच्या टोपलीतले दोन बांगडे खाली घसरले.

मी शार्कवर काम करते. किनाऱ्यालगतच्या नाही, खोल समुद्रातल्या. जमीन नावाचं काही असतं हे त्यांना बहुधा ठाऊकही नसावं. बंदरावर बोटी आल्या की मी त्यांतले शार्क मोजते, मापते, पोट उघडून काय खाल्लं होतं ते बघते, मादी असेल तर पिल्लं बघते आणि पाठीच्या कण्यातला एक मणी काढून घेते. त्या मण्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं दिसतात. त्यावरून वय कळतं. मधूनमधून बोटीवरही जाते.

आमच्या गावी, सिंदेवाहीत, हे समजावून सांगणं सोपं नाही. माझे वडील तिथल्या भात संशोधन केंद्रात नोकरीला होते. त्यांनी आयुष्यभर धानाच्या ओंब्या मोजल्या. "मुलगीपण संशोधनातच आहे," असं ते ऐटीत सांगतात, आणि कोणी "कायच्या?" असं विचारलं की "पाण्याच्या" म्हणून पुढे सरकतात. आईनं तर सरळ "मच्छी खात्यात आहे" असं करून टाकलंय. एकदा मला बघायला आलेल्या मुलाच्या आईनं दबक्या आवाजात तिला विचारलं, "हाताले वास येते का हो पोरीच्या?" आई म्हणाली, "येते न. पगाराले नाई येत." ते स्थळ तिथंच संपलं. उरलेले पोहे आम्हीच खाल्ले.

तर, बल्लारशाला उतरून मी गोंदियाकडे जाणारी गाडी धरली. ही गाडी आधी सिंदेवाहीला थांबते आणि मग वडशाला. म्हणजे स्वतःच्या घरावरून पुढे जाऊन मामाकडे उतरायचं. सिंदेवाहीच्या फलाटावर आई उभी होती. खिडकीतून तिनं डबा आत दिला. लाखोळीच्या डाळीची भजी, अजून गरम.

"उतरू का?" मी विचारलं.

"नोको उतरू. तुझा मामा चार दिवसापासून फोन करून राह्यला. आधी त्याचा तो मासा कर, मंग ये घरी. तोवरी गादीले ऊन दाखवतो मी."

गाडी हलली. वर्षभरानं आलेल्या मुलीला फलाटावरूनच पुढे पाठवणारी आई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

वडशात हिवाळा म्हणजे नाटकांचा मोसम. मुख्य रस्त्यावर नाटक मंडळांच्या कचेऱ्या उघडतात, प्रत्येक भिंतीवर रडणारी नायिका आणि मिशा पिळणारा खलनायक चिकटतो, आणि मंडईची जत्रा असो की शंकरपटाच्या बैलशर्यती, झाडीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, गावागावांतून लोक येऊन नाटकं ठरवून जातात. मामा पडदे रंगवतो. जंगल, राजवाडा, कोर्ट, तुरुंग. नाटकात लागणारं सामानही तोच करतो. त्याची रंगशाळा एका राइस मिलच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. बाहेर भुशाचा डोंगर, आत तार्पिनचा वास, आणि मधोमध, चार विटांवर, मामाचा शार्क.

मी बॅग खाली ठेवली आणि बघत राहिले.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर कागद चिकटवून रंग दिलेला. अंगभर रोहूचे खवले, एकेक हातानं काढलेला. तोंडात वाघाचे सुळे. ओठांच्या कडेला मांगुराच्या असतात तशा मिशा. डोळे बारीक, आणि त्यांना पापण्या.

"काऊन, कसा आहे?" मामानं विचारलं.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मामाचा चेहरा पडला. त्यानं ब्रश पाण्यात बुचकळला आणि म्हणाला, "हास, हास. वाघ बनवला तर लोक पहिल्या रांगेतून ओरडतात, भाऊ, पट्टे चुकले. इथी सगळ्यायनं वाघ पाह्यला आहे. शार्क कोणी पाह्यला? चुकला तर कोण ओरडन?"

"मी ओरडीन."

"मंग सांग न. म्हून तर बोलावलं."

मग मी त्याच्या स्टुलावर बसून सांगायला लागले. शार्कला असे खवले नसतात. त्याच्या अंगावर बारीक दातांसारखे कण असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. मिशा नाहीत. आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या तर नाहीतच. डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा, कल्ल्यांच्या. अंगात हाड एकही नाही. आपल्या कानाची पाळी दुमडते ना, तसल्या कूर्चेचा सगळा सांगाडा.

मामानं स्वतःचा कान दुमडून पाहिला. "एवढा मोठा प्राणी, अन् कानावर उभा?"

"पोहतो. उभा कुठं राहायचाय त्याला?"

"अन् रंग?"

इथे मी अडकले. कारण कुठला शार्क, ते आता ठरवायला हवं होतं. निळा, रेशमी कातडीचा, पंखांची टोकं पांढरी असलेला, असे बरेच जण आहेत. मी मोबाइलवर एकेकाचं चित्र दाखवत गेले. शेवटच्या चित्रावर मामाचं बोट थांबलं. शरीर जेवढं लांब, जवळजवळ तेवढीच लांब शेपटी. वरचं टोक विळ्यासारखं वळलेलं. डोळे वाटीएवढे.

"हा कोण?"

"लांब शेपटीचा. शेपटी चाबकासारखी मारतो. माशांच्या थव्यात जायचं, फटका हाणायचा, मासे बधिर झाले की खायचे."

"बाप्पा!" मामा उठून उभाच राहिला. "हाच पाह्यजे. स्टेजवर याची एंट्री पाहजो तू!"

"पण याचा रंग मला सांगता येणार नाही, मामा. जिवंत असताना जांभळट निळा चमकतो. पिकलेल्या जांभळावर ऊन पडतं तसा. मेला की बघता बघता राखाडी होतो. फोटोत सगळे राखाडीच आहेत."

मामानं दोन डबे उघडले आणि रंग कालवायला घेतला. पुढचे तीन दिवस वडशातला कोणताही जांभळा रंग त्याच्या हातून सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी नाटकाचा लेखक आला. तोच दिग्दर्शक, तोच नाटकातला बाप. पावसाळ्यात शेती करतो आणि बांधावर बसून नाटकं लिहितो. त्यानं मला कथा ऐकवली. झाडीतला एक तरुण मजुरीसाठी कोकणात बोटीवर जातो. गावात त्याची पोटुशी बायको. भर समुद्रात शार्क त्याला खातो. बायको विधवा होते, सावकार तिच्यावर डोळा ठेवतो, आणि पुढे तीन अंक अश्रू.

"बाई, तुमाले शार्कच्या मॅडम म्हणतात तर एक विचारतो," तो म्हणाला. "एका घासात खाते का दोन?"

"खात नाही."

"म्हंजे?"

"हा शार्क माणसाला खात नाही. याचं तोंड बघा केवढंसं आहे. छोटे मासे आणि स्क्विड, म्हणजे माकूळ, खातो."

लेखक मामाकडे बघायला लागला, जणू मामानं त्याला खराब माल दिला. "भाऊ, पोस्टर छापून झाले न. 'शार्कच्या जबड्यात सौभाग्य.' आता हा खात नाई म्हणते?"

"दुसरा शार्क दाखवू का?" मामा म्हणाला. पण त्याचा जीव त्या शेपटीत अडकला होता, हे त्याच्या आवाजातच कळत होतं.

तेवढ्यात नायिका आली. धानोऱ्याकडच्या एका गावातली, तिशीतली बाई. मोसमाचे चार महिने वडशात खोली घेऊन राहते, लहान मुलीला गावी आईपाशी ठेवून. रंगमंचावर ती रडली की अख्खी झाडी रडते अशी तिची ख्याती होती. प्रत्यक्षात हसरी, बोलकी, आणि हातात कायम चिवड्याची पुडी. ती भुशाच्या पोत्यावर बसली आणि मला म्हणाली, "ताई, तुमी खरंच त्यायच्यासंगं बोटीवर जाता? काय होते तिथी? सांगा न."

मग मी सांगितलं. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं.

खोल समुद्रात गळाच्या बोटी जातात. मैलोन्मैल लांब एक दोरी पाण्यात सोडतात आणि तिला जागोजाग गळ लोंबत असतात. धरायचा असतो टुना. पण गळाला काय माहीत कोण येतंय? शार्कही लागतात. काही बोटी मुद्दाम शार्कच धरतात. मांस खपतं, यकृताचं तेल निघतं, आणि पंखांना परदेशात सूपसाठी मोठा भाव मिळतो. पूर्वी कुठे कुठे तर पंख कापून उरलेलं धूड पाण्यात ढकलून द्यायचे. आता पंख अंगाला असतानाच शार्क बंदरावर आणायचा, असा नियम आहे. लांब शेपटीवाल्याला तर ठेवूनच घ्यायचं नाही. गळाला लागला तर सोडून द्यायचा.

मी गेले होते त्या एका सफरीत पहाटे खलाशी दोरी ओढत होते. एक गळ फार जड आला. वर आली ती लांब शेपटीची मादी, आणि उलटी आली, शेपटीकडून. आमिषालाही तिनं सवयीनं शेपटीचा फटका मारला होता आणि गळ शेपटीतच रुतला होता. या शार्कना श्वासासाठी पुढे पोहत राहावं लागतं. पाणी तोंडातून आत, कल्ल्यांतून बाहेर. शेपटीनं उलटं ओढलं की ते थांबतं.

"म्हंजे मासा पाण्यात बुडून मेला?" मामानं विचारलं.

"गुदमरून. हो, पाण्यातच."

सोडून देण्यासाठी तिला डेकवर घेतलं, पण तिचा जीव नुकताच गेला होता. गळ सोडवताना तिच्या पोटातून पिल्लू बाहेर आलं. शार्कच्या माद्या ताणात अशी पिल्लं टाकतात. दिवस भरत आलेले असावेत. पिल्लू पूर्ण होतं, तीच लांब शेपटी, तेच भलेमोठे डोळे. डेकवर तडफडायला लागलं. दक्षिणेकडच्या एका गावचा खलाशी होता, आडदांड माणूस. त्यानं आधी पायानंच त्याला कडेला सारलं. मग काय वाटलं कोण जाणे, खाली वाकला, दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्यात सोडलं. ते क्षणभर तसंच तरंगलं आणि मग खाली गेलं. पोहत गेलं.

"जगलं?" नायिकेनं विचारलं.

"माहीत नाही."

"अन् दुसरं? असतीन न आणखी?"

"आणखी एक होतं, पोटातच. या जातीत दोनच असतात. रोहूसारखी लाखभर अंडी नाहीत. कित्येक वर्षं वाढायचं, मग एका वेळी दोन पिल्लं. वाघीणसुद्धा यापेक्षा जास्त देते."

नायिकेच्या हातात चिवड्याची पुडी तशीच राहिली होती. ती लेखकाकडे वळली. "भाऊ, हे घ्या न नाटकात. त्यानं खाल्लं-बिल्लं राहू द्या."

"अन् नवरा कसा मराचा?"

"वादळात मरू द्या. वादळानं मरत नाई का माणूस?"

लेखकानं डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "नवरा बोटीवर. शार्क ओढते. पिल्लू पडते. त्याले बायको आठवते. तिथी गाणं." तो माझ्याकडे वळला. "अन् व्हिलन खलाशी."

"खलाशी नको," मी म्हटलं. "ती गरीब माणसं आहेत. पोटासाठी जातात. त्यानंच तर पिल्लू सोडलं."

"मंग बोटीचा मालक."

"मालकाचंही डिझेल आणि बर्फातच सगळं जातं हो."

"मॅडम," तो हात जोडून म्हणाला, "व्हिलन नाई तर झाडीपट्टीत नाटक नाई. कोणी तरी द्या!"

शेवटी पंख विकत घेणारा दलाल ठरला. ते काम विनोदी नटाकडे गेलं, कारण मंडळात तो एकटाच रिकामा होता. घरी जायचं सोडून मी मामाकडेच मुक्काम ठोकला. आईचा रोज फोन यायचा. "गादी उन्हात वाळून पापड झाली," ती म्हणायची. "ये आता."

शार्क तयार झाला. मामानं खवले खरवडून काढले, गोणपाटावर रेती चिकटवून वर रंग दिला. म्हणजे हात उलटा फिरवला तर खरंच खरखरीत लागायचं. प्रेक्षकांना हे कधी कळणार नव्हतं. तरी तो येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून शार्कवर फिरवायचा, आधी सुलटा, मग उलटा. शेपटी वेताची केली. पोटाला एक फट ठेवून आत पिल्लू बसवलं, कापसाचं, काळ्या काचेच्या मोठ्या डोळ्यांचं. आणि रंग! सकाळच्या उन्हात त्यानं शार्क दारात आणला तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. अगदी तोच होता असं म्हणणार नाही. पण बोटीच्या कडेनं पाण्यात पहिल्यांदा चमकतो तेव्हा जे वाटतं, ते मला वडशात, भुशाच्या ढिगाजवळ वाटलं.

मिलला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी मिलच्या मोठ्या शेडमध्ये रंगीत तालीम ठेवली. निळं कापड पसरून समुद्र केला. आढ्याला कप्पी बांधली. प्रेक्षक म्हणून मी, मामा, ऑर्गनवाला, आणि भुसा पोत्यांत भरायला आलेल्या पाच-सहा बाया.

नायक दोरी ओढू लागला. ऑर्गन घुमला. शार्क निळ्या कापडातून शेपटीकडून वर आला, ठरल्याप्रमाणे. इथवर सगळं झकास. मग कप्पी अडकली. नायकानं जोर लावला, शार्क गर्रकन फिरला आणि त्याची ती वेताची शेपटी बाजूला उभ्या असलेल्या दलालाच्या कानशिलावर सणकन बसली. त्याचा टोप उडून भुशात जाऊन पडला. तो टकला होता हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. "अबे मारलं न!" करून तो ओरडला आणि बाया पोती टाकून हसायला लागल्या. ऑर्गनवाला हसला, नायक हसला, मामाही तोंडावर हात धरून हसला. लेखक तेवढा खांबाला टेकून खाली बसला. "गेलं," तो म्हणाला. "करुण रस गेला."

आणि त्या हेलकाव्यात फट उसवून पिल्लू खाली पडलं.

ते पडायचं होतं शार्क बोटीवर आल्यावर, आणि मग लगेच गाणं. आता ते मधेच पडलं, कापडावर, डोळे वर करून. हसण्याच्या लाटेत मला वाटलं आता आणखी हसतील. पण बायांमधली एक, डोक्याला फडकं बांधलेली, पुढे आली.

"अवो, हे त पिल्लू हाये," ती म्हणाली. "गाभण होती का हे?"

हसणं विरलं. नायकाला काय करावं कळेना, कारण पुढचं वाक्य गाण्यानंतरचं होतं. तो तसाच उभा राहिला. बाई वाकली, तिनं पिल्लू उचललं, त्यावरचा भुसा पदरानं झटकला आणि नायकाच्या हातात दिलं.

"सोडा न याले पाण्यात. असे काऊन उभे?"

नायकानं कापडाची कड उचलली आणि पिल्लू आत सोडलं. त्यानं ते इतकं हळू केलं की ऑर्गनवाल्याला वाजवायचं सुचलं नाही. शेडमध्ये फक्त वरच्या दोरीचा करकर आवाज येत होता. नायिका विंगेत, म्हणजे पोत्यांच्या थप्पीमागे, उभी होती. तिचा प्रवेश अजून बराच लांब होता, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला होता.

लेखक खांबाजवळून उठला. "गाणं काटा," तो म्हणाला. "इथी गाणं नाई पाह्यजे."

झाडीपट्टीच्या लेखकानं स्वतःचं गाणं कापलं, यावर मामाचा आजही विश्वास बसत नाही.

मी दुसऱ्या दिवशी घरी गेले, पापड झालेल्या गादीवर झोपले, आणि सुट्टी संपल्यावर कोचीला परतले. नाटकाच्या बातम्या मामा फोनवर द्यायचा. नाटक बरं चाललं. तो प्रवेश आला की मांडव शांत होतो, म्हणाला. एका गावात पिल्लू सोडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गावात मात्र नाटक ठरवणारी मंडळी अडून बसली, की पोस्टरवर जबडा आहे, मग शार्कनं कोणाला तरी खाल्लंच पाहिजे.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"दलालच खाऊ घातला न त्याले," मामा म्हणाला. "शेपटीकडून आला, तोंडाकडून नेला. लोक जाम खूश. रागावू नोको पोरी, एवढं चालते."

"माणूस खात नाही तो, मामा."

"दलाल माणूस थोडीच आहे!"

मी फोन ठेवला तेव्हा हसत होते. तसा हा विषय हसण्याचा नाही. बंदरावर शार्क येतातच आहेत, आणि पूर्वीपेक्षा लहान येताहेत. पूर्ण वाढायच्या आतच धरलेले. नियम आहेत, ते पाळणाऱ्या बोटी आहेत, न पाळणाऱ्याही आहेत. मी मणी कापते, वर्तुळं मोजते, अहवाल पाठवते. त्या अहवालांनी कोणी डोळ्यांना पदर लावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. वडशात कापसाच्या पिल्लानं ते केलं, याचा मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

मे महिन्यात एका लग्नासाठी गावी आले, तेव्हा मामानं मोटरसायकल काढली. "चाल, धानोऱ्याकडे जाऊन येऊ. नायिकेचं बोलावणं आहे." नाटकांचा मोसम होळीलाच संपतो, आणि मग तिचे दुसरे मोसम सुरू होतात. मोहफूल वेचून झालं होतं, आता बिडीसाठीचा तेंदूपत्ता चालू होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. पहाटे जंगलात जाऊन तोडून आणलेल्या पानांचा अंगणात ढीग, आणि मांडवाच्या सावलीत ती, तिची आई आणि मुलगी पुडे बांधत बसलेल्या. पानावर पान, वरून पळसाच्या सालीची दोरी, एक गाठ. बोटं काळी झालेली. रंगमंचावरची ती रडणारी बाई हीच, हे सांगूनही पटलं नसतं.

"जंगलात वाघ दिसला काय?" मामानं चौकशी केली. इथे ती "पाऊस झाला का" सारखी करतात.

"परवा डरकाळी आयकू आली. आमी सगळ्या मिळून डबे वाजवत गेलो," तिची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमचा तो शार्क बरा, बाई. घराकडे येत नाई."

"आपणच त्याच्या घरी जातो," मी म्हटलं.

म्हातारीनं विचार केला. "तसं त आमीपण वाघाच्या घरीच गेलो होतो," ती म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

नायिकेनं हात पदराला पुसले. "ताई, माह्या पोरीले खरा दाखवा न. तिनं तुमच्या मामाचाच पाह्यला आहे."

मोबाइलमध्ये माझ्याकडे एक छोटी चित्रफीत होती, पाण्याखाली घेतलेली. लांब शेपटीचा शार्क निळ्या अंधारातून येतो, एकदा वळतो, मोठा डोळा क्षणभर आपल्याकडे होतो आणि तो निघून जातो. मुलगी माझ्या मांडीला टेकून बसली आणि बघायला लागली. संपली की पुन्हा लावायला सांगायची. काळ्या बोटांचे ठसे पडद्यावर उमटत होते. मामाही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला जितंजागतं जनावर पहिल्यांदाच दिसत होतं.

"निळा जरा कमी पडला माह्या," तो पुटपुटला.

मुलीनं विचारलं, "हा थांबत काऊन नाई?"

"थांबला तर श्वास घेता येत नाही त्याला. पोहतच राहतो."

"रातच्यालेपण?"

"रात्रीपण."

"मंग झोपते कवा?"

काही शार्क पोहता पोहताच अर्धवट विसावत असावेत, असं वाटतं. यानं ते कसं करायचं, समुद्राच्या मधोमध, टेकायला काहीही नसताना, ते कोणी नीट पाहिलेलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "अजून कोणालाच नक्की माहीत नाही."

"तू तिथीच राह्यते न?"

"हो."

"मंग पाहून येजो," ती म्हणाली, "अन् मले सांगजो."

मी कबूल केलं. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला, ढिगातली थोडी पानं माझ्यापुढे सरकवली, आणि गाठ कशी मारायची ते दाखवू लागली. मामानंही मांडी घातली. ऊन उतरेपर्यंत आम्ही पुडे बांधत बसलो. मामाच्या गाठी सुटत होत्या, आणि म्हातारी त्या न बोलता पुन्हा बांधत होती.